वाचकांचे प्रश्न : ‘बाबा, हे लोक आपलेच ना?’

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा मिरजेचा, सोळा वर्षं शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतोय. मुलगा तेरा वर्षांचा आहे. 2021 मध्ये ऑफिसातल्या एकाने दोन तिकिटं दिली म्हणून त्याला शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या मॅचला नेलं आणि बापलेक दोघंही त्या संघाचे झालो. त्या वर्षी त्यांनी 93 सामने जिंकले. 2023 मध्ये 101 हरले, 2024 मध्ये 121 आणि 2025 मध्ये 102. 1900 सालानंतर एका मोसमात 121 सामने कुठलाच संघ हरला नव्हता. 2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये सलग 21 हरले, तेव्हा एका रात्री मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो. वर पाहिलं तर मुलगा जिन्यावर बसून रडत होता.

24 सप्टेंबर 2024 ला त्याला हट्टाने स्टेडियममध्ये नेलं. तोवर 120 हरून झाले होते. नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत संघ 0-2 ने मागे, आणि लोक ‘सेल द टीम’ म्हणून ओरडत होते. मग आपल्यांनी तीन रन काढले आणि मॅच 3-2 अशी जिंकली. आमच्या मागच्या रांगेतल्या दोघातिघांना ते रुचलं नाही. ते 121वी हार बघायला आले होते. मुलाने मला विचारलं, “बाबा, हे लोक आपलेच ना?” मला उत्तर देता आलं नाही.

शाळेत सगळी पोरं शिकागोच्या दुसऱ्या संघाची, कब्जची आहेत आणि याला चिडवतात. बायको म्हणते, “बदला की संघ, हा काय कुळाचार आहे?” वीस सामन्यांच्या पासाचं पत्र टेबलावर पडलंय. पैसे भरू की हे सगळं सोडून देऊ?
— एक वाचक, नेपरव्हिल

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी माझ्या जुन्या वह्या काढून बसले. त्यांच्याविषयी पुढे सांगते. आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते राहून गेलंय.

त्याला सांगा, हो, आपलेच. 36 जिंकलेल्या आणि 120 हरलेल्या संघाची मॅच बघायला सप्टेंबरच्या मंगळवारी रात्री परका माणूस कशाला येईल? मागच्या रांगेतले ते दोघंतिघं तुमच्याइतकेच पोळलेले होते. माणूस वर्षभर हरत राहिला की शेवटी त्याला वाटतं, निदान हे सगळं कुठेतरी लिहून तरी ठेवा, म्हणजे आमचं काय झालं ते जगाला कळेल. मला त्यांचं वागणं पटत नाही. रन निघाला की टाळी वाजवायची, मग पुढे काहीही होवो. पण त्यांना परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्या आठवड्यात काय झालं तेही त्याला सांगा. त्या मालिकेतले तिन्ही सामने संघ घरच्या मैदानावर जिंकला. 121वी हार 27 तारखेला डेट्रॉइटमध्ये झाली, 1-4 अशी. त्याच विजयाने डेट्रॉइट टायगर्सचा संघ 2014 नंतर पहिल्यांदा बादफेरीत गेला आणि तिथे फटाके उडाले. हाच डेट्रॉइटचा संघ 2003 मध्ये 119 सामने हरला होता आणि 2006 मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी शेवटची मालिका, खेळला. ज्यांचा 120 हारींचा विक्रम मोडला ते न्यूयॉर्क मेट्स 1962 मध्ये रसातळाला होते आणि 1969 मध्ये विजेते होते. आपलंही तसंच होईल, असं वचन मी देत नाही. पण हे घडलेलं आहे आणि तेरा वर्षांच्या मुलाला ते माहीत असलं पाहिजे.

आता तुमच्याविषयी बोलते, आणि जरा स्पष्ट बोलते. मुलगा जिन्यावर हारीमुळे रडत नव्हता हो. हार त्याला तुमच्याआधी सवयीची झाली होती. तो तुमच्या आवाजाने रडत होता. आपल्या दोघांना लागलेली ही आवडच बाबांना त्रास देतेय, असं मुलांना वाटतं. तुम्हाला राग येतो, तो यायलाच हवा. मलाही येतो. फक्त तो घरात नको आणि पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावरही नको. मधल्या इनिंगमध्ये आलेला तो बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा काही मुद्दाम वाइड टाकत नाही. त्याची तयारी होण्याआधीच त्याला तिथे उभं केलंय.

रागाचा पत्ता वेगळा आहे. डिसेंबर 2016 मध्ये या संघाने आपला सर्वांत चांगला पिचर ख्रिस सेल बॉस्टनला दिला आणि बदल्यात तरुण पोरं घेतली. चाहत्यांना सांगितलं, दोन-तीन वर्षं कळ काढा. आम्ही काढली. सेलने 2018 मध्ये बॉस्टनसाठी वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बळी घेतला, तो आम्ही टीव्हीवर पाहिला आणि तरी म्हटलं, असू दे, आपली पोरं येताहेत. ती आली. 2020 आणि 2021 मध्ये संघ बादफेरीत गेला, दोन्ही वेळा पहिल्याच टप्प्यात बाहेर पडला. मग दुखापती झाल्या, मोकळ्या जागांवर धड माणसं आणली नाहीत आणि पुन्हा विक्री सुरू झाली. सेलच्या बदल्यात आलेला मायकल कोपेक 2024 च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये तिथे विजेता झाला. 121 हारींच्या वर्षात ज्याच्याकडे बघून आम्ही दिवस काढले तो गॅरेट क्रोशे डिसेंबरमध्ये बॉस्टनला गेला. 2025 मध्ये तिथे त्याने 255 बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. कळ काढा म्हणणाऱ्यांनी एकाच चाहत्याला दहा वर्षांत दोनदा कळ काढायला लावली, माझा राग तिथे आहे.

म्हणून पासाचे पैसे भरू नका. पैसे हे मालकाला समजणारं एकमेव पत्र आहे, ते न पाठवणं हेही पत्रच. पण वर्षात दोन-तीनदा, सुट्टीच्या दिवशी, मुलाला घेऊन सुटं तिकीट काढून जरूर जा. गाडी घरी ठेवा. नेपरव्हिलहून मेट्राने युनियन स्टेशन आणि तिथून थोडं चालून रेड लाइनने थर्टीफिफ्थ स्ट्रीट. त्या डब्यात काळी-पांढरी टोपी घातलेले जे लोक भेटतील त्यांच्याशी बोलू द्या त्याला. ‘हे लोक आपलेच ना’ याचं माझ्यापेक्षा चांगलं उत्तर तिथे मिळेल.

मला ते तसंच मिळालं. मी 1988 मध्ये शिकागोला आले आणि साउथ साइडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. शेजारच्या टेबलावर ब्राँझव्हिल या काळ्या लोकांच्या वस्तीतली एक बाई होती, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. मेजर लीगमध्ये, म्हणजे सॉक्स खेळतात त्या सर्वोच्च लीगमध्ये, 1947 पर्यंत काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता. तेव्हा त्यांच्या स्वतंत्र लीगमधले उत्तम खेळाडू 1933 पासून दर वर्षी सॉक्सच्याच मैदानावर, कोमिस्की पार्कवर, ईस्ट-वेस्ट सामना खेळायचे. तिचे वडील तिथे जात. मग 1951 मध्ये मिनी मिन्योसो हा काळा खेळाडू सॉक्सकडून खेळू लागला, तेव्हा ते पोरीला घेऊन जाऊ लागले. 1990 मध्ये जुनं मैदान बंद होणार म्हणून ती मला घेऊन गेली. एक पेन्सिल माझ्या हातात दिली, एक स्वतः घेतली आणि स्कोअर मांडायला शिकवलं.

तुमच्या मुलालाही हेच शिकवा. बघा, प्रत्येक खेळाडूच्या जागेला आकडा असतो. पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे उभा राहणारा शॉर्टस्टॉप 6, मग मागचे तिघं डावीकडून उजवीकडे 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला आणि बॅटर बाद झाला की त्याच्या चौकोनात लिहायचं 6-3. स्ट्राइकआउटला इंग्रजी के. बॅट न हलवता नुसता बघत बाद झाला तर तोच के उलटा. हे लिहू लागलं की माणूस ओरडत नाही, त्याला वेळच नसतो. आणि 2-9 अशा हारीतही तिसऱ्या इनिंगमधला एक सुरेख 6-4-3 चा डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघं बाद, वहीत राहतो. धावफलकावर तो दिसत नाही.

26 ऑक्टोबर 2005 च्या रात्रीचं पान आत्ता माझ्यासमोर उघडं आहे. ह्यूस्टन, चौथा सामना, 1-0. सॉक्सने 1917 नंतर, म्हणजे 88 वर्षांनी, वर्ल्ड सिरीज जिंकली. शेवटच्या इनिंगमध्ये शॉर्टस्टॉप हुआन उरीबे प्रेक्षकांत झेपावला आणि कॅच घेऊन आला. पुढच्या बॅटरने मारलेला चेंडू पिचरच्या डोक्यावरून टप्पा घेत गेला, उरीबे धावत आला, पहिल्या बेसवर पॉल कोनर्कोकडे फेकला आणि संपलं. माझ्या वहीतला शेवटचा चौकोन 6-3. तीन जरा वाकडा आलाय, हात थरथरत होता. लॅबमधल्या त्या मैत्रिणीला फोन लावला तर ती वडिलांचं नाव घेऊन रडत होती, पुढे काही बोलणंच झालं नाही.

कब्जचं म्हणाल तर मुलाला मनापासून आवडला तर जाऊ द्या. चिडवण्याला कंटाळून जात असेल तर त्याच्याशी बोला. आणि वहिनींना सांगा, त्या म्हणतात ते जवळजवळ खरंच आहे. कुळाचार आपल्याला मिळतो, हा त्याने स्वतः निवडलाय, नऊ वर्षांचा असताना, तुमच्या मांडीला मांडी लावून.

प्रश्न : आमच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या लीगमध्ये, शेवटचे तीन संघ खालच्या गटात जातात. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये हरणाऱ्याला शिक्षा का नाही? उलट बक्षीस मिळतं असं ऐकलं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बरोबर ऐकलंत. मेजर लीगचे 30 संघ ठरलेले आहेत, वर-खाली कोणी जात नाही. दर वर्षी नवे खेळाडू निवडायचा ड्राफ्ट असतो आणि तळाच्या संघांना आधी निवडायला मिळावं अशी रीत आहे. हेतू चांगला, दुबळ्याला हात देण्याचा. पण काही संघ ठरवूनच दुबळे होऊ लागले. चांगले खेळाडू विका, खर्च वाचवा, हरा, वरचा नंबर घ्या. चार-पाच वर्षं तिकीट काढणाऱ्या माणसाच्या पदरी मग काय येतं, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

यावर उपाय म्हणून 2022 च्या करारात पहिल्या सहा नंबरांसाठी सोडत आणली. शिवाय मोठ्या शहरांतल्या, सामायिक उत्पन्नातून मदत न घेणाऱ्या संघांना लागोपाठ दोन वर्षं सोडतीत जागा नाही. म्हणून 121 सामने हरूनही 2025 च्या ड्राफ्टमध्ये सॉक्सचा नंबर दहावा होता. नियम मला रास्त वाटतो. पण त्याचा फटका बसला तो खुर्चीवर बसलेल्या चाहत्यालाच.

एक हिशेब तुम्हीही करून बघा. 2023, 24 आणि 25 मिळून सॉक्सचे सामने 486. जिंकले 162, हरले 324. मोसम असतो बरोबर 162 सामन्यांचा. म्हणजे तीन वर्षांत एका पूर्ण मोसमाइतके विजय आणि दोन पूर्ण मोसमांइतक्या हारी.

प्रश्न : मी कोल्हापूरची. लेकीकडे सहा महिन्यांसाठी शिकागोला आले आहे. नातू रोज त्या सॉक्सच्या जुन्या मॅच लावतो आणि मला शेजारी बसवतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्याचं मन मोडवत नाही. मी नक्की काय बघू?
— एक आजी

उत्तर : आजी, सगळं बघू नका. एकच माणूस बघा. कोल्सन मॉन्टगमरी, उंच आहे, डावखुरी बॅटिंग करतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो. 2025 च्या एप्रिलमध्ये खालच्या लीगमध्ये त्याची बॅट चेंडूला लागेना, म्हणून त्याला सामन्यांतून काढून ॲरिझोनाला नुसत्या सरावाला पाठवलं होतं. जुलैमध्ये तो मुख्य संघात आला आणि 71 सामन्यांत 21 होमरन मारले, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार. नातवाला त्याची एखादी जुलैनंतरची मॅच लावायला सांगा. बॅट फिरली आणि चेंडू उंच गेला की चेंडूकडे बघत बसू नका, कुंपणाजवळ धावणाऱ्या माणसाकडे बघा. तो धावायचा थांबला आणि नुसता वर बघू लागला, की टाळी वाजवा.