स्कॅनर घ्यायच्या आधी निगेटिव्ह मोजा

चिपळूणच्या एका ताईंनी विचारलंय. वडील गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत रंगीत निगेटिव्हचे ५२ रोल निघाले, साधारण १९८८ ते २००४ मधले. लॅबवाला स्कॅन करून द्यायचे फ्रेमला, म्हणजे फोटोला, २० रुपये सांगतोय, म्हणजे ५२ गुणिले ३६, १८७२ फ्रेम आणि बिल ३७,४४०. पुण्याचा भाऊ म्हणतो एप्सनचा व्ही६०० स्कॅनर घे, ४० हजारात येतोय, तोही नो-कॉस्ट ईएमआयवर. ताईंचं म्हणणं, लॅबला पैसे घालवण्यापेक्षा मशीन तरी घरात राहील, आणि ईएमआय नको असेल तर एफडी मोडते.

ताई, गुणाकार बरोबर आहे, पण १८७२ हा आकडाच चुकीचा धरलाय. त्या काळात रोल संपवायचा म्हणून शेवटचे पाच-सहा फोटो उगाच अंगणातल्या तुळशीचे नि शेजारच्या मांजराचे काढले जायचे, लग्नात स्टेजवर प्रत्येक पाहुण्याबरोबर तोच एक फोटो, काही हललेले, काही फ्लॅश न पेटल्यामुळे काळेच. आधी चाळणी लावा. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून निगेटिव्हची पट्टी त्याच्यासमोर धरा, फोनच्या सेटिंगमध्ये रंग उलटे करायची सोय असते ती चालू करा आणि कॅमेऱ्यातून बघा, चेहरे लगेच ओळखू येतात. समजा ४५० फ्रेम ठेवण्यासारख्या निघाल्या, तर लॅबचं बिल ९,००० होतं. आता ४० हजार कुठे आणि ९ हजार कुठे.

आणि तुमच्या वेळेचा हिशोब कुणीच धरलेला नाही. व्ही६०० च्या होल्डरमध्ये सहाच्या दोन पट्ट्या बसतात, म्हणजे एका वेळी १२ फ्रेम. चांगल्या रिझोल्युशनला, धूळ काढायची सोय चालू ठेवून, एका खेपेला अर्धा-पाऊण तास धरा. सगळ्या १८७२ करायच्या तर १५६ खेपा, ९० तासांच्या वर, दर रविवारी तीन तास बसलात तरी तीस रविवार, आणि त्यात पट्ट्या पुसणं नि रंग नीट करणं धरलेलंच नाही. रंगीत निगेटिव्हला तो नारिंगी थर असतो ना, त्यामुळे नुसतं उलटं करून भागत नाही, रंग जमवत बसावं लागतं. बहुतेक घरात हे काम गणपतीपर्यंत जोरात चालतं आणि मग मशीनवर कपड्यांच्या घड्या येतात.

तरीही घ्यायचाच असेल, म्हणजे चाळणीनंतर हजाराच्या वर फ्रेम उरल्या तर, सेकंडहँड घ्या, काम उरका आणि विकून टाका. समजा २२ हजाराला घेतला नि १७ ला गेला, तर खर्च पाच हजारच. मात्र विकणाऱ्यासमोर आपली एक पट्टी स्कॅन करून बघा, झाकणातला दिवा लागतोय ना आणि फिल्मचे होल्डर सोबत आहेत ना, कारण ते होल्डरच लोक हरवून बसतात. खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला इतके ठिपके या आकड्याला, भुलू नका, प्रत्यक्षात त्याच्या निम्माही तपशील मिळत नाही. २४०० ला स्कॅन केलं तरी पावणेआठ मेगापिक्सेलच्या आसपास फाईल येते, ८ बाय १२ इंची प्रिंटला पुरे.

प्लस्टेकचे छोटे फिल्म स्कॅनर ३५ एमएमला, म्हणजे तुमच्या ३६ फोटोंच्या नेहमीच्या रोलला, जास्त बारीक तपशील काढतात, पण एकेक फ्रेम हाताने सरकवायची. आणि वडिलांकडे आगफा क्लिक-थ्री कॅमेरा असेल, ट्रंकेत मोठ्या चौकोनी निगेटिव्ह असतील, तर त्या त्यात बसतच नाहीत, व्ही६०० सारखा सपाट काचेचा फ्लॅटबेडच लागेल. त्या ब्लॅक अँड व्हाइट असल्या तर धूळ काढायची ती इन्फ्रारेडची सोय बंद ठेवा, त्या फिल्ममधल्या चांदीमुळे ती चालत नाही.

स्वस्तातले छोटे स्क्रीनवाले डबे मिळतात त्यांच्या नादी लागू नका. मी एक घेतला होता, आमच्या लग्नातले सगळे शालू वांगी रंगाचे आले, बायको अजून बोलून दाखवते. आणि ऑफिसातला साधा स्कॅनर, ज्याच्या झाकणात दिवा नाही, तो निगेटिव्हला उपयोगाचा नाही.

नो-कॉस्ट ईएमआयचं म्हणाल तर व्याज असतंच, ते आधी डिस्काउंट म्हणून वजा दाखवतात, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी तुम्हीच भरता. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना झिरो पर्सेंट स्कीमबद्दल टोकलं होतं. तुमच्या रकमेवर हे सातआठशेच्या घरात जाईल, फार नाही. मला खटकतं ते वर्षभर महिन्याला ३,३३३ चं बांधून घेणं. एफडीला तर हातच लावू नका, मुदतीआधी मोडली की व्याज कापतात, आणि तुमच्याकडे अडीअडचणीला तेवढीच रक्कम आहे असं तुम्हीच लिहिलंय.

घाई एकाच गोष्टीची आहे, बुरशीची. चिपळूणचा पावसाळा आणि ट्रंक म्हणजे निगेटिव्हवरच्या जिलेटीनच्या थरावर बुरशीला आमंत्रणच. म्हणून पहिला खर्च हवाबंद डबे आणि सिलिका जेलचा करा, पाचएकशे रुपये लागतील. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत वापरायचे. एवढं केलंत की निवांत निवड करता येईल.

लॅबला आधी एकच रोल द्या, शक्यतो स्वतः जाऊन, कुरिअरने नको, आणि फाईल मोठ्या साइजच्याच हव्यात हे आधीच सांगा, नाहीतर व्हॉट्सॅपच्या मापाच्या देतात. स्कॅनरचे पैसे वाचतील त्यातून दोन हार्ड डिस्क घ्या, एक तुमच्याकडे आणि एक पुण्याला भावाकडे. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पुराचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.