हातोडी कुणी नेली? कशावरून?

प्रयोगवही : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, मी विक्रोळीच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४२ मुलं आहेत आणि प्रयोगशाळा बहुतेक वेळ दहावीकडे असते. ‘आनंददायी शनिवार’ या शालेय उपक्रमाचे चार शनिवार माझ्या वाट्याला आले आहेत. मुलांना एखादं रहस्य सोडवायला देऊन न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक, शिकवावं असं मनात आहे. खूनबिन नको वाटतो. खर्चही आठशे रुपयांच्या आत बसायला हवा. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, विक्रोळी

उत्तर : खून नको, हे तुमचं अगदी बरोबर. रक्तही नको, रंगाचंसुद्धा नको. बारा वर्षांच्या मुलाला ओढून घ्यायला हरवलेली वस्तू पुरते, फक्त ती त्याच्या रोजच्या पाहण्यातली हवी.

परळच्या आमच्या शाळेत व्हरांड्यात तासांची पितळी थाळी टांगलेली होती. एका शनिवारी तिची लाकडी हातोडी नाहीशी झाली आणि जागेवर चिठ्ठी सापडली : ‘दोन दिवसांत परत येईल.’ मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन हे मीच घडवून आणलं होतं. पुढची अनेक वर्षं दर सातवीला हातोडी हरवली. वरच्या वर्गातल्या मुलांनी उत्तर कधी फोडलं नाही, कारण दर वर्षी मी ते बदलत असे.

संशयित कोण ठेवता, याचा विचार सगळ्यात आधी करा. पहिल्या वर्षी मी चूक केली. वर्गातल्याच एका हसऱ्या मुलाला विचारून मी त्याला ‘चोर’ केलं. त्यालाही मजा वाटली होती. पुरावे त्याच्यापाशी पोचले, टाळ्या झाल्या, खेळ संपला. पण पुढचे दोन आठवडे वर्गात कुणाचा कंपास हरवला की माना त्याच्याकडे वळायच्या. मग त्याची आई शाळेत आली. ती चार घरची धुणीभांडी करायची. म्हणाली, “बाई, माझ्या पोराला चोर म्हणतात.” मला तोंड वर करून बोलता येईना. त्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली. तेव्हापासून संशयित म्हणजे शिक्षक, आणि त्यात मी स्वतः. मुलं नाहीत. शिपाईमामा आणि सफाईच्या मावशीही नाहीत. शाळेत काही हरवलं की खरा आळ त्यांच्यावरच येतो, तो खेळात तरी येता कामा नये. आणि शेवटी चोरी निघू नये. एका वर्षी आमच्या पीटीच्या सरांनी हातोडीचा दांडा सैल झाला म्हणून ती सुताराकडे नेलेली निघाली.

पहिला शनिवार पंचनाम्याचा. हा शब्द मुलांनी घरी ऐकलेला असतो, पण कुणी लिहिलेला नसतो. सहा-सहांचे सात गट करा. प्रत्येक गटात दोन पंच, एक लिहिणारा, एक मोजणारा, एक नकाशा काढणारा, एक पुराव्यांची पाकिटं सांभाळणारा. नियम एकच : डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. ‘कुणीतरी घाईत पळालं’ हे पंचनाम्यात बसत नाही. ‘खुर्ची डाव्या बाजूवर आडवी पडली आहे, दारापासून १४० सेंटिमीटर’ हे बसतं. पूर्ण दीड तास यावर गेला तरी जाऊ द्या. माझ्या मते चारही शनिवारांतला हाच सगळ्यात मोलाचा आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

पाकिटं कागदाची घ्या, प्लॅस्टिकची नकोत. ओल्या वस्तूला प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते, म्हणून तपासातही अशा वस्तू वाळवून कागदातच ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही, पावसाळ्यात डब्याच्या पिशवीचं काय होतं ते त्यांना ठाऊक असतं. पाकीट ज्याच्या हातात जाईल त्याने तारीख, वेळ आणि सही टाकायची. एकदा एका गटाचं पाकीट सही नसताना दुसऱ्या गटाकडे सापडलं. त्या गटाला तो पुरावा मी वापरू दिला नाही. मुलं रडकुंडीला आली, पण पुढे एकही सही चुकली नाही.

दुसऱ्या शनिवारी शाई आणि पांढरी पूड. चिठ्ठी काळ्या स्केचपेनने लिहिलेली असू द्या आणि प्रत्येक संशयिताचं वेगळ्या कंपनीचं काळं स्केचपेन ठेवा. गाळणकागदाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीची रेघ, रेघेवर शाईचा ठिपका, पट्टीचं टोक पाण्यात. ठिपका पाण्याच्या वरच राहिला पाहिजे. पाणी चढतं तसा काळा रंग फुटतो, कुठे निळा, कुठे गुलाबी, कुठे पिवळा. बॉलपेन घेऊ नका, त्याची शाई पाण्यात हलत नाही. सगळी पेनं आदल्या रात्री घरी करून पाहा, कारण दोन कंपन्यांचे रंग कधी कधी अगदी सारखे फुटतात.

पूड मात्र सावकाश, रंगवून शिकवा. थाळीखालच्या बाकावर चिमूटभर पांढरी पूड ठेवा. तुलनेला मैदा, खायचा सोडा, पिठीसाखर, टाल्कम पावडर आणि खडूचा चुरा. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणा आणि पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचं करा. मैद्यावर थेंब पडला की निळा-काळा रंग येतो. व्हिनेगर टाकलं की सोडा फसफसतो. खडूही फसफसेल असं पुस्तक वाचलेली मुलं सांगतात, पण आपला फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो आणि मख्ख राहतो. बाजारच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कधी मक्याचं पीठ घातलेलं असतं, मग तीही आयोडीनने काळी पडते. दळून घरी केलेली पडत नाही. चव घ्यायची नाही, हुंगायचं नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

एका वर्षी बाकावरची पूड आयोडीनने काळी पडली आणि व्हिनेगरने फसफसलीही. सहा गटांनी लिहिलं : मैदा आणि सोडा एकत्र. सातव्या गटातल्या एका मुलीने नुसतं पाणी टाकून पाहिलं. पूड पाण्यानेही फसफसली. मैदा आणि सोडा नुसत्या पाण्याने असं करत नाहीत. ती होती बेकिंग पावडर, जिच्यात सोड्यासोबत कोरडं आम्ल आणि स्टार्च आधीच असतं, आणि नानकटाई करण्याचा नाद मुख्याध्यापकांना होता. त्या मुलीला पाणी टाकून पाहा असं कुणी सांगितलं नव्हतं. तो शनिवार मी विसरणार नाही.

तिसरा शनिवार बुटांचा. आपल्या शाळांना माती कुठली, तेव्हा लादीवर काळा कार्डपेपर पसरून त्यावर रांगोळी चाळा, किंवा परातीत ओली रेती घ्या. रेतीतल्या ठशात प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतता येतं, दोन वाट्या पुडीला एक वाटी पाणी. पण घट्ट होताना ते चांगलंच तापतं. कुणालाही हात किंवा बोट त्यात बुडवू देऊ नका, आणि उरलेलं मोरीत ओतू नका, नळी कायमची बंद होईल.

मी जे शिकवू पाहत होते ते इथे मुलांना सापडलं. ठशावरची नक्षी त्यांनी आपापल्या बुटांशी ताडून पाहिली आणि वर्गात गोंधळ उडाला. अर्ध्या वर्गाचे शाळेचे बूट एकाच साच्याचे होते. नक्षी सगळ्यांशी जुळत होती! मग एकाने टाच उलटून दाखवली : त्याची बाहेरच्या कडेने झिजली होती, शेजाऱ्याची आतल्या. साचा कंपनीचा असतो, झीज चालणाऱ्याची. शाईचंही तेच. त्या कंपनीचं स्केचपेन हजारो घरांत आहे. शाई जुळली म्हणजे चित्रकलेच्या बाईंनी चिठ्ठी लिहिली असं होत नाही, त्यांचं पेन टीचर्सरूममध्ये सगळ्यांसाठीच पडलेलं असतं. गटाची खूण आणि एकट्याची खूण यांतला फरक मुलांना कळला की तुमचा उपक्रम पार पडला असं समजा.

बोटांचे ठसे चौथ्या शनिवारी. शंख आणि चक्र हे शब्द आजीने घरी शिकवलेले असतातच, त्यात कमानीची, म्हणजे मधे उंचावून पलीकडे उतरणाऱ्या रेषांची, भर घाला. शंख सगळ्यात जास्त सापडतात, कमानी सगळ्यात कमी. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची जगातली पहिली कचेरी निघाली. तिथे वर्गीकरणाचं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी उभं केलं, नाव मात्र त्यांच्या साहेबाचं लागलं, ‘हेन्री पद्धत’. हे मुलांना जरूर सांगा, त्यांना मनापासून राग येतो. त्या पद्धतीत पहिल्या फेरीला १०२४ कप्पे होते. ते कुठून आले? प्रत्येक बोटावर चक्र आहे किंवा नाही, म्हणजे दोन शक्यता, आणि बोटं दहा. दोनाचा दहावा घात. घातांक शिकणाऱ्या वर्गात हे गणित सोडू नका.

ठसे घ्यायचे तर इच्छा असेल त्याचेच, आणि तास संपताना कागद ज्याचा त्याला परत. ते जमवून कपाटात ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मग प्रत्येक गटाने निष्कर्ष मांडायचा. थाळीवर एखाद्याचा ठसा सापडला, तर त्यावरून एवढंच कळतं की त्याचं बोट तिथे लागलं होतं. कधी लागलं, कशासाठी लागलं, हे ठसा सांगत नाही. वाक्याच्या शेवटी ‘कशावरून?’ असं इतर गटांनी विचारायचं. ‘यावरून सांगता येत नाही’ या उत्तराला मी पूर्ण गुण देते. आठवीच्या मुलांना ब्रँडन मेफील्डची हकीकत सांगते. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा या अमेरिकन वकिलाचा आहे, असं एफबीआय या अमेरिकेच्या तपाससंस्थेच्या तज्ज्ञांनी खात्रीने सांगितलं. त्याला सुमारे दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला, स्पेनच्या पोलिसांनी तो ओळखला, आणि एफबीआयला माफी मागावी लागली. वर्ग एकदम शांत होतो. मला तेव्हा तो कंपास हरवल्यावर माना वळवणारा वर्ग आठवतो.

खर्चाचं म्हणाल तर आठशेत आरामात बसेल. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत जायची गरज नाही, वाणी, औषधाचं दुकान आणि स्टेशनरी एवढ्यात सगळं मिळतं. जमल्यास दिवाळीनंतर करा, जुलैत पुडीच्या गुठळ्या होतात आणि प्लॅस्टर लवकर वाळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. टीव्हीवरच्या तपासाच्या मालिका बघून तिला फॉरेन्सिकमध्ये जायचं आहे. आतापासून कुठला क्लास लावावा?
– एक पालक, मुलुंड

उत्तर : क्लास लावू नका. तिला रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित मनापासून करू द्या आणि नीटनेटकं लिहायची सवय लावा. बारावी विज्ञाननंतर फोर्टात मादाम कामा मार्गावर शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठ आहे. कलिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा तुम्ही येता-जाता पाहिली असेल. तिथल्या कामात पळापळ नसते. दिवसभर नमुने, नोंदी आणि अहवाल असतात. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने अमलात येईल, तशी माणसं लागतील. मुलगी मालिका बघत असेल तर शेजारी बसा आणि विचारा, हे त्यांना कशावरून कळलं?

प्रश्न : बाई, मी सातवीत आहे. मी स्टीलच्या ग्लासवर टाल्कम पावडर टाकून ठसा काढायला गेलो, पण पांढरा फराटाच आला. काय चुकलं?
– एक विद्यार्थी, दादर

उत्तर : चमकत्या स्टीलवर पांढरी पूड नीट दिसत नाही, शिवाय ग्लास गोल. त्याऐवजी सपाट काच घे, कडा घासलेली, किंवा जुना आरसा. २बी पेन्सिलीचं शिसं पॉलिशपेपरवर घासून काळी पूड कर. हात नुकतेच साबणाने धुतले असशील तर थोडा थांब, मग बोट कपाळाला लाव, काचेवर हलकेच टेकव आणि सरळ वर उचल, घासू नकोस. मऊ ब्रशच्या टोकाला अगदी थोडी पूड घेऊन नुसती फिरव. रेषा दिसल्या की थांब. वर सेलोटेप लावून उचल आणि पांढऱ्या कागदावर चिकटव.

मग घरातल्यांना विचारून त्यांचे घे. आजीचा ठसा कदाचित नीट येणार नाही. वय झालं की रेषा झिजतात, आणि वर्षानुवर्षं भांडी घासलेल्या किंवा सिमेंटचं काम केलेल्या हातांच्याही झिजतात. पुन्हा पुन्हा तिचं बोट दाबू नकोस. जसा येईल तसा चिकटव आणि खाली तारीख घालून लिही : ‘आजी, उजवा अंगठा, पुसट.’