‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ या कथेतील सात दालने म्हणजे आयुष्याचे सात टप्पे का? मृत्यूची अटळता आणखी कशातून दिसते?

एडगर ॲलन पो यांच्या या कथेतले पूर्वेकडचे निळे दालन जन्माचे आणि पश्चिमेकडचे काळे दालन मृत्यूचे, हा अर्थ मला मान्य आहे. मधल्या प्रत्येक रंगाला एकेक वय चिकटवायला मात्र कथेत फारसा आधार सापडत नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, मृत्यूची सारी चिन्हे राजपुत्र प्रॉस्पेरोने स्वतःच्या हौसेने उभारलेली आहेत. ‘रेड डेथ’ नावाच्या साथीने निम्मी प्रजा गेल्यावर तो हजार सरदार आणि स्त्रिया घेऊन तटबंदीच्या मठात शिरतो. दारांचे अडसर कायमचे जोडून टाकले जातात, ते बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून आणि आतल्या कोणी निराशेच्या भरात बाहेर पडू नये म्हणूनही. मठातल्या त्या सात दालनांच्या खिडक्या एका बंदिस्त बोळात उघडतात आणि तिथल्या आगीचा उजेड रंगीत काचांतून आत येतो. इतरत्र काचांचा रंग सजावटीशी जुळतो, काळ्या दालनात मात्र त्या रक्तासारख्या लाल आहेत. ज्या रोगात अंगातून रक्त फुटून माणूस अर्ध्या तासात मरतो, त्याचाच रंग प्रॉस्पेरोने घरात बसवून घेतला. (पोंच्या पत्नीला, व्हर्जिनियाला, १८४२ च्या जानेवारीत क्षयामुळे तोंडावाटे रक्त आले होते आणि कथा त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झाली, हेही ध्यानात ठेवावे.)

त्याच काळ्या दालनात आबनुसी (काळ्या लाकडाचे) घड्याळ आहे. प्रॉस्पेरोने भरवलेल्या मुखवट्यांच्या नाचात दर तासाला त्याचे ठोके पडले की वादक थांबतात, नाचणारे खिळून राहतात, आणि नाद विरताच सगळे हसून पुढच्या वेळी असे घाबरायचे नाही, असे एकमेकांना बजावतात. तासाभराने पुन्हा तेच घडते. मध्यरात्री ठोके बारा पडतात, थांबण्याची ती घटका लांबते, आणि तेवढ्या अवधीत, आधी कोणाच्याच लक्षात न आलेली, कफन आणि मुखवटा घातलेली एक रक्ताळलेली आकृती लोकांना दिसते. पाहुणे ज्या काळ्या दालनाकडे फिरकत नव्हते तिथपर्यंत प्रॉस्पेरो खंजीर घेऊन, सहा दालने ओलांडत, तिच्यामागे आपल्याच पायांनी धावत जातो आणि तिथेच मरून पडतो. लोक आकृतीला धरतात तेव्हा कफनाच्या आणि मुखवट्याच्या आत कोणीही नसते. अडसर तुटल्याचे किंवा दार उघडल्याचे पोंनी कुठेच लिहिलेले नाही.