‘मी रोज सांगतो, पण पोरं ऐकत नाहीत’

भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांतले सुपरवायझर माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते झोप लागत नाही म्हणून. जरा बसले की खरी काळजी बाहेर पडते: “मॅडम, पोरं ऐकत नाहीत. उद्या कुणाचं बोट गेलं तर नाव माझंच येणार.”

त्यातल्याच एकाची ही गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून. प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातला सुपरवायझर, डिप्लोमा झालेला. सेकंड शिफ्टला ठेक्यावरचा एक पोरगा डायमध्ये, म्हणजे साच्यात अडकलेला जॉब (तयार होणारा भाग) हाताने काढायला गेला. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बायपास केलेला, म्हणजे मुद्दाम निकामी केलेला होता. हात थोडक्यात वाचला, पण तेव्हापासून ह्यांची झोप उडाली.

“रोज सेफ्टी टॉक घेतो,” ते म्हणाले. घेत होतेच, शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं. मी त्यांना म्हटलं, आठवडाभर राउंडवर तुमच्या तोंडून जे वाक्य निघेल ते डायरीत लिहा. डायरी आली. “किती झाले?” “मागच्या तासाला कमी का?” “स्क्रॅप कुणाचा?” पानंच्या पानं तेच. सुरुवातीची पाच मिनिटं सोडली तर गार्डचा (यंत्राच्या धोकादायक भागावरच्या आवरणाचा), सेन्सरचा उल्लेख नाही. ठेक्यावरच्या माणसाला उद्याच्या हजेरीची खात्री नसते. सुपरवायझर तासातासाचं उत्पादन लिहिलेल्या बोर्डापुढे उभा राहून काय विचारतो, तोच त्याच्यासाठी हुकूम. सेन्सर बायपास झालेला दिसूनही साहेब काही न बोलता पुढे गेले, की परवानगी मिळालीच.

डोव्ह झोहर या इस्रायली मानसशास्त्रज्ञांचा २००२ सालचा एक अभ्यास मी त्यांना सांगितला. त्यात कामगारांना वेगळं काही शिकवलं नव्हतं. सुपरवायझर आपल्या माणसांशी सुरक्षिततेबद्दल किती वेळा बोलतो, हे कामगारांना विचारून दर आठवड्याला त्या सुपरवायझरला कळवत. किरकोळ दुखापती घटल्या, कानात इअरप्लग घालणारे वाढले. ती माहिती वरच्या साहेबांकडेही जात होती, आणि माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं असणार.

कारण ह्यांचं पुढचं वाक्य तेच होतं: “मशीन थांबवलं तर वरून शिव्या मला.” खरं आहे. चार मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सुरक्षिततेची शपथ देणारेच संध्याकाळी आकडा मागतात. म्हणून आम्ही ठरवलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. राउंडवर पहिला प्रश्न सेन्सरचा, आकड्याचा नंतर. जो मशीन थांबवेल त्याला सगळ्यांदेखत शाबासकी. आणि सेन्सरसाठी मशीन थांबलं तर तो वेळ शिफ्ट रिपोर्टमध्ये वेगळ्या रकान्यात, मेंटेनन्सच्या नावासकट. तोंडी तक्रार हवेत विरते, रकाना मात्र मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे येतो.

अपराधीपणाबद्दलही बोललो. यंत्र चालू असताना गार्ड जागेवर हवं ही अट १९४८च्या कारखाने कायद्यातही होती, आणि कामगारांच्या सुरक्षिततेची मुख्य जबाबदारी त्या कायद्याने कारखानदारावर टाकली होती. सुपरवायझरने आपला वाटा उचलावा, मालकाचाही स्वतःच्या डोक्यावर घेऊन रात्र जागवू नये.

पुढे ते आले तेव्हा रकान्याने काम केलं होतं: मॅनेजरने सेन्सरचे सुटे भाग शॉपवरच ठेवायला मंजुरी दिली. टार्गेट मात्र तेवढंच राहिलं. एका जुन्या ऑपरेटरने “साहेब, आज लई सेफ्टी?” असा टोमणा मारला, तर दुसऱ्या दिवशी त्यानेच मशीन थांबवून ह्यांना हाक मारली. झोप आता लागते, महिनाअखेरीचे दिवस सोडून.