आत काहीच नाही, मग बघायचं काय?

प्रश्न: मुलाकडे युरोपला गेलो होतो, तेव्हा त्याने बार्सेलोनात हट्टाने जर्मन पॅव्हेलियन दाखवायला नेलं. तिकीट काढून आत गेलो तर थोड्या भिंती, दोन उथळ हौद आणि एक पुतळा, संपलं! वर कळलं की ही मूळ इमारतसुद्धा नाही, नंतर बांधलीय. मग एवढं कौतुक कशाचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, आत काही नाही हे तुम्ही अगदी बरोबर टिपलंत, कारण ज्या 1929 च्या बार्सेलोनातल्या जागतिक प्रदर्शनासाठी हे बांधलं, त्यातही तिथे मांडलेलं काही नव्हतंच. जर्मनीची यंत्रं, कापड, बाकीचा माल दुसऱ्या हॉल्समधे होता आणि हे पॅव्हेलियन फक्त स्पेनच्या राजाराणीच्या स्वागतासाठी. पहिलं महायुद्ध हरून दहा-अकरा वर्षं झालेली, सम्राट जाऊन प्रजासत्ताक आलेलं, आणि त्या देशाने जगापुढे तोफा न मांडता एक मोकळी, शांत जागा मांडली, मला तर हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

जर्मन आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोह आणि डिझायनर लिली राइश या दोघांचं हे काम (राइशबाईंचं नाव लोक विसरतात, ते फार चुकीचं आहे). छप्पर पेललंय 8 बारीक पोलादी खांबांनी, त्यामुळे भिंतींवर भार नाही, त्या पडद्यासारख्या हव्या तिथे उभ्या केल्यात, म्हणून खोली कुठे संपते आणि अंगण कुठे सुरू होतं तेच कळत नाही. मधली सोनेरी ऑनिक्सची (संगमरवरासारख्या पट्टेदार दगडाची) भिंत आठवतेय का? तो दगड उत्तर आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास पर्वतातला, आणि मीसला त्याचा जेवढा उंच ठोकळा मिळाला त्याच्या दुप्पट उंचीवर त्याने छत धरलं, म्हणजे अख्ख्या इमारतीची उंची एका दगडाने ठरवली! राजाराणीसाठी केलेली ती चामड्याची खुर्ची आज जगभर ऑफिसच्या लॉबीत दिसते.

आता नकलेबद्दल. प्रदर्शन संपल्यावर 1930 च्या सुरुवातीलाच मूळ इमारत उतरवली, वर्षभरसुद्धा टिकली नाही. मग पन्नासेक वर्षं आर्किटेक्ट लोक कृष्णधवल फोटो बघूनच ती शिकत होते आणि त्या फोटोंमधे दगडाचा रंग कुठून दिसणार? 1980 मधे ओरिओल बोहिगास हे आर्किटेक्ट बार्सेलोना पालिकेत नगररचनेचे प्रमुख असताना त्यांनी हे पुन्हा उभारायचं मनावर घेतलं आणि 1983 ते 86 मधे त्याच जागेवर, जुने नकाशे-फोटो अभ्यासून, त्याच जातीचे दगड आणून ते बांधलं. काही जाणकारांना हे तेव्हाही पटलं नव्हतं, मला मात्र मनापासून पटतं, कारण ही वास्तू चालत चालत बघायची आहे, फोटोत ती हाती लागत नाही.

पुन्हा जाणं झालं तर घाई करू नका. लहान हौदातल्या त्या पुतळ्याकडे मोठ्या हौदापासून हळूहळू चालत जा, तो कधी काचेतून दिसेल, कधी हिरव्या संगमरवरात, कधी पाण्यात, पण अगदी जवळ तुम्हाला जाता येणार नाही, मधे पाणी आहे.