चलन माझ्या नावावर, गाडी दुसऱ्याची: ते पहिलं चलन भरू नका

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात परत तेच कालवलं. गाडी नांदेडला घरासमोर उभी, तीन चलनं पुण्याच्या बाजूची, गाडी विकायला काढली तेव्हा कळलं, आणि एजंट म्हणतोय की दोन-अडीच हजारांसाठी कोर्टात कुठं जाता, लोकअदालतीत अर्ध्यात मिटवून टाका. अगदी हेच २०२२ साली माझ्या दिरांनी मला ऐकवलं होतं. मी मिटवलं, आणि मग वर्षभर ते निस्तरत बसले.

मी वकील नाही, साताऱ्यात शाळेत शिकवते. माझं जे झालं ते एका गाडीचं, एका कोर्टातलं. तुमच्याकडे वेगळं होऊ शकतं, नियमही बदलत राहतात, तेव्हा पाऊल उचलण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा. पोर्टलवर चलन कसं बघायचं, तक्रार कुठं टाकायची ते सांगत नाही, तिथवर तुम्ही पोचलेलेच आहात.

माझी गाडी राखाडी अ‍ॅक्टिव्हा, एमएच ११, शेवटचे आकडे ४१४१. आरटीओकडून नंबर आला तेव्हा भाचा नाचला होता, "मावशी, तुला 'दादा' लागला!" मी साधी पाटी लावली आणि विसरून गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईच्या बाजूच्या एका शहरातून मेसेज आला, नो पार्किंग, ५०० रुपये. त्या शहरात मी आयुष्यात दोनदा गेलेय, दोन्ही वेळा लग्नाला आणि दोन्ही वेळा एसटीने. तरी म्हटलं, मशीनची काहीतरी चूक असेल. मग लोकअदालतीची नोटीस आली. १३ ऑगस्ट २०२२ च्या लोकअदालतीत पाचशेचे अडीचशे भरले आणि पावती फाइलला लावली. फोटो मोबाइलवर बोटाएवढा दिसत होता. तो मोठा करून बघितलासुद्धा नाही.

माझी सगळ्यात महागडी चूक हीच.

ऑक्टोबरमध्ये सिग्नल तोडल्याचं चलन आलं. रक्कम १५००. मला वाटलं छापण्यात घोळ आहे. घोळ नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला ५०० पर्यंत आणि त्यापुढच्या गुन्ह्याला १५०० पर्यंत दंड आहे. पहिला गुन्हा मीच भरून पक्का केला होता, म्हणून हा 'दुसरा'. नोव्हेंबरमध्ये तिसरं, ट्रिपल सीट. फोटोत तीन पोरं, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. माझं वय तेव्हा ५१. ट्रिपल सीट (कलम १९४सी) आणि विनाहेल्मेट (१९४डी) नुसत्या दंडावर सुटत नाहीत हेही लक्षात ठेवा, कायद्यात तीन महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. तुमच्या तीनपैकी एखादं यातलं असेल तर 'भरून मोकळं व्हा' हा सल्ला आणखीच चुकीचा.

तेव्हा कुठं मी फोटो लॅपटॉपवर घेऊन मोठा केला. मॉडेल तेच. पण रंग मरून, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक (माझ्या गाडीला ड्रम आहे), आणि पाटीवर आकडे असे वळवलेले की सरळ 'दादा' वाचावं. त्याचा खरा नंबर काय ते देव जाणे. शेवटचा आकडा एक आहे की सात, हे मला आजही सांगता येणार नाही. मशीनवाल्याने ४१४१ टाकलं आणि ते माझ्या दारात आलं.

मग त्या शहरातल्या संबंधित कार्यालयात गेले. पहाटेची एसटी, अर्धी रजा गेली ती वेगळीच. टेबलावरच्या माणसाने माझं म्हणणं निम्मं ऐकलं, मॉनिटर माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "ताई, मागचं चलन तुम्ही भरलंय ना? मग गाडी तुमचीच." मी म्हटलं, तेव्हा फोटो बघितला नव्हता. तो म्हणाला, "ते मी कसं लिहू?" आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी तो अगदी चुकीचा नव्हता. चलन भरणं म्हणजे कबुली. लोकअदालतीत मिटवलेलं तर आणखी घट्ट, कारण तिथल्या निवाड्यावर अपील होत नाही. आणि लोकअदालतीला तुम्ही दोषी की निर्दोष हे ठरवायचा अधिकारच नाही, तिथं फक्त तडजोड होते. तडजोड मान्य नाही म्हटलं की प्रकरण परत जातं, एवढंच. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

राग त्या माणसाच्या उत्तराचा नाही, पुढच्या गोष्टीचा आहे. मी अर्ज दिला, पोच मागितली. "ठेवून जा, साहेब बंदोबस्ताला गेलेत, आले की बघतील." मी ठेवून आले. शिक्का नाही, आवक नंबर नाही, काही नाही. तीन आठवड्यांनी परत गेले तर अर्जच सापडेना. "नक्की इथंच दिला होता का?" म्हणे. आठवड्यातून तीनदा मुलांना ओरडते, वहीवर तारीख घाला म्हणून, आणि मी स्वतः बिनतारखेचा कागद देऊन आले! त्यानंतर एकही कागद हातात दिला नाही, सगळं पोस्टाने. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा आता स्पीड पोस्टच करा आणि डिलिव्हरीचा पुरावा ठेवा.) ट्रिपल सीटच्या चलनाची तक्रार पोर्टलवर टाकली होती, ती एका ओळीत फेटाळली, कारण नाही. माहिती अधिकारात मूळ फोटो आणि कारण मागितलं. आपल्या राज्यात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. फोटोसाठी एक आणि कारणासाठी एक असे दोन अर्ज करा. एकात दोन्ही कोंबलं की तो परत येतो. माझा आला.

सिग्नलच्या चलनाचं समन्स २०२३ च्या मार्चमध्ये आलं. गुन्हा जिथं घडला तिथलंच कोर्ट, म्हणजे परत तेच शहर. महिलांना एसटीचं अर्धं तिकीट त्याच महिन्यात सुरू झालं होतं, सरकारने माझ्यासाठी केलेली तेवढीच सोय.

त्या कोर्टाबाहेर एकच माणूस सगळ्यांना समजावत होता, "कबूल म्हणा, दंड भरा, बारापर्यंत मोकळे." लोक खरंच दहा-दहा जणांच्या रांगेने आत जाऊन 'कबूल' म्हणून बाहेर येत होते. माझा पुकारा झाला, न्यायाधीश साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? माझी जीभ जड झाली होती, पण म्हटलं, "कबूल नाही, गाडी माझी नाही." मागची रांग जरा चुळबुळली. एवढंच झालं. तारीख मिळाली.

दुसऱ्या तारखेला वकील केला, ३००० रुपये. सरकारी वकिलांनी पहिलंच हे काढलं की आरोपीने मागचं चलन भरलंय. परत तेच! साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी फोटो मोठा करून न बघितल्याची गोष्ट सांगितली, जरा लाजतच. मग साहेबांनी फोटो मागितला, आणि कोर्टाच्या फाइलमध्ये निघाली काळी-पांढरी झेरॉक्स. मरून काळी, राखाडी काळी. माझ्या वकिलाने माझ्या कलर प्रिंट पुढे केल्या: चलनाचा फोटो मोठा करून, आणि माझी गाडी चारही बाजूंनी, पुढचं चाक अगदी जवळून. सोबत आरसी आणि पीयूसी. पीयूसीवर नंबरप्लेटचा फोटो आणि तारीख असते, ते किती कामाचं आहे हे मला तेव्हा कळलं, कारण माझी साधी पाटी त्या फोटोत स्वच्छ दिसत होती आणि तारीख चलनाच्या आधीची होती. ब्रेकवर साहेबांचं बोट बराच वेळ होतं. चलन करणारा कर्मचारी त्या दिवशीही आला नाही, पुढच्याही नाही. वकिलाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या दाखल्याचा मुद्दाही घेतला (तेव्हाचं पुरावा कायद्याचं ६५ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३), पण माझ्या मते काम ब्रेकने केलं. तिसऱ्या तारखेला प्रकरण बंद झालं.

तुम्ही शाळा-ऑफिसच्या हजेरीच्या मागे लागाल, मीही लागले होते. मस्टरची नक्कल घेऊन गेले तर मला सांगितलं, "तुम्ही शाळेत असाल, गाडी कुणीही नेली असेल." बरोबरच आहे. गाडी कुठं होती, किंवा ती गाडी तुमची नाहीच, हे दाखवावं लागतं. सर्व्हिसिंगची जॉब कार्डं शोधा, त्यावर तारीख आणि किलोमीटर रीडिंग असतं. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल आणि नवी सुरक्षा पाटी बसवली असेल तर तिची पावती ठेवा, त्या पाटीवरचा लेझर नंबर तुमच्या गाडीच्या नोंदीला जोडलेला असतो. फोटोतल्या गाडीला साधी पाटी असेल तर बोलायलाच नको.

जाता जाता दोन गोष्टी. चलन व्हर्च्युअल कोर्टात (म्हणजे ऑनलाइन कोर्टात) गेलं असेल तर तिथं भरा किंवा लढा असे दोनच पर्याय दिसतात. लढा दाबलं की ते नेहमीच्या कोर्टात जातं, घाबरू नका, पण मग तारखेला जावं लागतं हेही धरून चाला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाच्या नावाने आलेली फाइल उघडू नका, आमच्या स्टाफरूममधल्या एकीचं खातं त्यातच रिकामं झालं.

कुणी तुम्हाला सहा महिन्यांची मुदत सांगेल, की नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्ट सहा महिन्यांनंतर घेऊ शकत नाही. मुद्दा खरा आहे, पण तेवढ्यावर बसू नका. पोर्टलवरचं चलन आपोआप पुसलं जात नाही, आणि तुम्हाला गाडी नावावर करून द्यायची आहे.

निकालाची नक्कल त्याच दिवशी मागा. माझ्या ट्रिपल सीटच्या चलनाची तक्रार मी ती नक्कल जोडून परत टाकली आणि ते रद्द झालं, तेही दोन आठवड्यांत. पहिलं, अडीचशेवालं, आजही माझ्या गाडीच्या नोंदीत 'भरले' म्हणून उभं आहे. ते काढायचे तीन प्रयत्न केले, आता सोडून दिलंय.

पैशांचा हिशेब केला तर मी मूर्खच ठरते. वकील, कोर्टाच्या तीन फेऱ्या, रजा, सगळं मिळून दंडाच्या दुपटीवर गेलं. दीर अजून त्यावरून टोमणे मारतात. पण त्या मरून गाडीवरचे तिघे अजून फिरतच असतील, आणि दर चलनाला मी १५०० भरत बसले असते.

तेव्हा तुमचे तिन्ही फोटो आजच उतरवून घ्या, माझ्या एका चलनाचा नंतर उघडतच नव्हता. मोठे करा. पुढचा ब्रेक, आरसे, चाकं, पाटीची अक्षरं, स्टिकर. नंबर झाकून इथं टाका, शेजारी तुमच्या गाडीचाही फोटो. आणि एजंटला सांगा, व्यवहार महिनाभर थांबेल.