थायलंडमध्ये राजा भूमिबोल यांच्या निधनानंतर लोक वर्षभर काळे कपडे का घालत होते? ती सक्ती होती का?

नेमका हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला फोनवर विचारला होता आणि तेव्हा मला नीट बोलता आले नव्हते, म्हणून येथे लिहीत आहे.

१३ ऑक्टोबर २०१६ रोजी राजे गेले तेव्हा आम्ही नोकरीनिमित्त बँकॉकमध्ये राहत होतो. सरकारी नोकरांना वर्षभराचा दुखवटा होता आणि इतरांनी ३० दिवस करमणुकीचे कार्यक्रम टाळावेत असे आवाहन होते. परंतु ७० वर्षे एकच राजा पाहिलेल्या त्या लोकांपैकी कितीतरी जणांनी आपणहून वर्षभर काळे अंगावर ठेवले. दुकानांतले काळे कपडे संपले, तेव्हा लोकांनी रस्त्याच्या कडेला मोठी पातेली चढवून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे फुकट रंगवून दिले.

माझ्याजवळ काळे म्हणावे असे एकच वस्त्र होते, ते म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईने दिलेली चंद्रकळा. दुखवट्यात जरीचे चकाकणे बरे नव्हे, म्हणून रात्री बसून मी जरीच्या काठावर काळ्या कापडाची पट्टी टाचली आणि डिसेंबरातल्या एका पहाटे चार वाजता शेजारच्या वृद्ध बाईंबरोबर राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर जाऊन रांगेत उभी राहिले. मी त्यांना सगळ्यांसारखी ‘पा’, म्हणजे मावशी म्हणत असे. आठ तासांच्या त्या रांगेत अनोळखी माणसे भात, पाणी आणि चक्कर येऊ नये म्हणून हुंगायच्या औषधाच्या नळ्या हातात आणून देत होती. पा आपल्या लहानपणची गोष्ट सांगत होत्या, की राजे हातात नकाशा आणि गळ्यात कॅमेरा घेऊन त्यांच्या तालुक्यात पायी आले होते आणि पाणी कुठून येते हे त्यांनी पांच्या वडिलांना विचारले होते. आत सिंहासनगृहात मिनिटभरच मिळाले. जमिनीवर बसायचे, डोके टेकवायचे आणि उठायचे. समोरचा कलश प्रतीकात्मक होता, पार्थिव शवपेटीत होते. पा उठताना माझा हात घट्ट धरून उठल्या.

हे ऐकून दादा म्हणाला, “परक्या राजापुढे डोके टेकवलेस, तेही आईने दिलेल्या सणाच्या साडीत. याला गुलामगिरी म्हणतात.” हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी जेथे दहन झाले ते सुमारे ५० मीटर उंचीचे, नऊ शिखरांचे स्मशानमंदिर मेरू पर्वताची प्रतिकृती म्हणून उभारले होते. विष्णूचा अंश मानलेला राजा, ज्याचे एक नाव ‘नववा राम’, मृत्यूनंतर मेरूवर परततो अशी ती कल्पना आहे. जी पुराणे आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली, त्यांतला मेरू तेथे लोकांनी कित्येक महिने खपून उभा केला, आणि त्याला दादा परके म्हणतो. ज्याने तेथील माणसांबरोबर एक दिवस उन्हात काढलेला नाही, त्याने त्यांचे रडणे खरे की खोटे हे ठरवू नये.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. काळे कपडे घालण्याचा कायदा नव्हता, तरी काळे न घातलेल्यांना भर रस्त्यात सुनावल्याचे प्रकार घडले. शिवाय राजाच्या अवमानाला तेथील दंडसंहितेच्या ११२ व्या कलमाखाली ३ ते १५ वर्षांची कैद आहे, त्यामुळे ज्यांना शोक वाटत नव्हता त्यांना तसे मोकळेपणाने म्हणणे शक्य नव्हते. तेव्हा सर्वांच्याच मनातले मी सांगू शकत नाही. पांच्या मनात काय होते, ते मात्र मी त्या हाताच्या पकडीवरून सांगू शकते. आपण कधी अशा प्रसंगी तेथे असलात तर साधे काळे किंवा पांढरे कपडे घालावेत आणि वाद टाळावा. दादा, तू हे वाचत असशील तर साडीवरची ती पट्टी मी अजून उसवलेली नाही.